मारुतीसमोरचं माप

बाणाचं टोक धनुष्याच्या आत आलं, घसरलं आणि माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी रुतलं. दोरी अजून बोटांत होती म्हणून थोडक्यात निभावलं. ती सुटली असती तर बाण तळहातातून आरपार गेला असता. मी दोरी हळूहळू सैल केली, बाण खाली ठेवला आणि मगच रक्ताकडे पाहिलं.

"कुमुद!" गावंडे सर धावत आले. "किती ओढलंस?"

"नेहमीएवढंच, सर."

"नेहमीएवढं ओढलं असतं तर टोक आत आलं असतं का? मन कुठं होतं तुझं?"

मन कुठं होतं ते मला नेमकं ठाऊक होतं. मारुतीच्या पाराशी खुर्ची टाकून बाबाराव काळमेघ बसले होते, तिथं होतं. बाबाराव म्हणजे आमच्या पळसखेडच्या व्यायामशाळेचे सचिव. त्यांनी पायावरचा पाय काढला, पण खुर्ची सोडली नाही.

"सर," ते तिथूनच म्हणाले, "हिच्या हाताला हळद लागायचे दिवस आणि तुम्ही रक्त लावून ऱ्हायले."

"हळदच लावतोय, बाबाराव," सर म्हणाले आणि खरोखरच डब्यातली हळद काढून माझ्या जखमेत दाबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागं उभ्या असलेल्या सहा मुलींनी एकदमच श्वास ओढला.

"पुढच्या रविवारची गोष्ट तर लक्षात आहे ना?" बाबाराव उठता उठता म्हणाले. "सोमवारपासून पैलवान इथं माती टाकणार आहेत. मी सांगून ठेवलंय त्यांना."

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. मी सतरा वर्षांची होते. व्यायामशाळेत मुलींना धनुष्य धरू द्यायचं की नाही, यावर समितीत दोन महिने खल झाला होता. शेवटी गावंडे सरांच्या शब्दाखातर एक वर्षाची मुदत मिळाली. वर्षाअखेरच्या निवडीत सात जणींपैकी एक जरी जिल्ह्याच्या संघात आली, तर वर्ग चालू राहील. नाही आली, तर सकाळचं मैदान पुन्हा कुस्तीला. निवड आठ दिवसांवर, रविवारी होती आणि सरांनी नाव माझं एकटीचं दिलं होतं, कारण सगळ्यांत जास्त ताकद माझ्या हातात होती. ताडमाड वाढले होते मी. गाव मला उंटीण म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं.

फक्त एकच अडचण होती. ताकद असूनही माझे बाण एका जागी पडत नव्हते. एक मध्यात, दुसरा गवताच्या पेंढीच्या कडेला, तिसरा थेट बांधावर.

"चित्त स्थिर नाही," सरांनी पट्टी बांधता बांधता निदान केलं. "दोरी हनुवटीच्या पुढंच थांबवतेस, हात आखडतेस. आणि आज ओढायला गेलीस ती भान सोडून. रोज मारुतीला अकरा प्रदक्षिणा घाल. चित्त थांबलं की हात थांबेल."

मी त्याच संध्याकाळी एकवीस घातल्या.

माझे वडील नाना कीर्तनकार होते. पंचक्रोशीत त्यांना ढोमणेबुवा म्हणत. लहानपणापासून त्यांच्या मागं झांज धरून उभी राहायची मला सवय. कीर्तन रंगात आलं की माझ्या अंगात काहीतरी उजळायचं, ते शब्दांत सांगता येणार नाही. पण निवडीच्या आदल्या रविवारी राममंदिरात झांज वाजवताना अंगठा ठणकत होता आणि माझा ताल दोनदा चुकला. नानांनी मागं वळून पाहिलं नाही. सोमवारी सकाळी चहा घेताना मात्र विचारलं.

"काल झांज लंगडत होती. हात दाखव."

मी दाखवला. झालं ते सांगितलं. चित्त स्थिर नाही, भक्ती कमी पडते, हेही सांगितलं. सांगताना रडू आलं.

नानांनी बशीतला चहा संपवला. "दोरी ओढतेस तेव्हा होतं काय नेमकं? भक्तीचं राहू दे, हाताचं सांग."

"गालापर्यंत आणायला जावं तर बाण संपतो."

"संपतो म्हणजे?"

"म्हणजे पुरत नाही. टोक धनुष्याच्या आत येतं. म्हणून मी मध्येच थांबते. कधी इथं थांबते, कधी तिथं."

नाना मोठ्यानं हसले. आवाजासारखं त्यांचं हसणंही पहाडी होतं. भिंतीवरची चिमणी उडाली.

"अगं, एकदा दर्यापुराकडं कीर्तन होतं. आपला पेटीवाला आजारी. तिथला एक पोरगा बसवला. त्याला एकच पट्टी येत होती आणि ती माझ्या गळ्याच्या दोन हात वर. पूर्वरंग संपेपर्यंत माझा घसा फाटला. लोक उठून जाताना काय म्हणाले? म्हणाले, बुवांचा आज भाव नव्हता. भाव होता गं. पट्टी माझी नव्हती!" त्यांनी कप खाली ठेवला. "देवाला मध्ये घालण्याआधी ती काडी मोजून बघ."

मोजायचं ऐकलं आणि मी चपापले. माझे बाण मापाचे नव्हते असं म्हणणं सोपं नव्हतं. आमच्या व्यायामशाळेत बाणाचं माप दसऱ्याला घेत. शस्त्रपूजा झाली की एकेकानं मारुतीसमोर उभं राहायचं, हलकं धनुष्य घेऊन खुणा केलेली लांब काडी ओढायची. दोरी जिथं थांबेल तिथून धनुष्यापर्यंत किती इंच, ते सर बघत, वर एक इंच मोकळा धरत आणि वहीत लिहीत. तेच माप चिठ्ठीवर उतरवून देत, त्यावरून वर्षभराचे बाण. सरांच्या गुरुजींपासून चालत आलेली रीत. माझ्या नावापुढं पंचवीस लिहिलं होतं.

बाण करायची गयाबाई. बुरूडवाड्यात तिचं घर. सुपं, टोपल्या विणायची आणि नवरा गेल्यापासून त्याचं बाणांचं कामही तीच बघायची. मी गेले तेव्हा निखाऱ्यावर काडी शेकून सरळ करत होती.

"कावं उंटणे, कॉलेज बुडवलं?"

"मावशी, मला एक लांब काडी दे. न कापलेली."

"कायले? डोक्शात घालाची हाय कोनाच्या?"

मी हात पुढं केला. पट्टीवरचा लाल डाग बघून तिची थट्टा थांबली. काडी बाजूला ठेवून तिनं विचारलं, "मायाच बाणानं?"

"टोक आत आलं."

"आत आलं?" ती उठलीच. "आत कसं येईन? मी तं..." आणि गप्प झाली. मग आत जाऊन एक जुनं, नवऱ्याचं असेल, हलकं धनुष्य घेऊन आली. सोबत हातभर जास्तीची काडी. "ओढ. इथं कोनी नाई पायत तुले. एक बोकड हाय, त्याले धनुष्यातलं कळत नाई."

मी पाय रोवले आणि ओढली. दोरी सहज जबड्याखाली येऊन बसली. तिथं बसल्यावर हात हललाच नाही, जणू खुंटीला टांगला. गयाबाईनं कोळशानं खूण केली, पुन्हा ओढायला लावली, पुन्हा खूण केली. दोन्ही खुणा एकावर एक आल्या. मग कोपऱ्यातली मापाची पट्टी लावली.

"सत्तावीस. वर एक मोकळा. अठ्ठावीस." तिनं माझ्याकडं वर मान करून पाहिलं. "वहीत कित्ती लिवलं तुयं?"

"पंचवीस."

ती मटकन पाटावर बसली आणि कपाळावर हात मारून हसायला लागली. हसतानाच डोळे पुसले.

"माया बुढा सांगे मले. म्हने, गया, मारुतीपुढचं माप आखूड येते. देवापुढं मानूस अंग चोरते. कोनी छाती काडून उभं ऱ्हाते का देवापुढं? म्हने, चिठ्ठीत लिवलं त्याच्याहून बोटभर वर ठेवत जाय आन तोंड उघडू नको. तवापासून पंधरा वर्सं मी बोटभर वर ठेवतो. पोट्ट्याइले तेवढं पुरते. बक्षिसं घेऊन येतात, सरांच्या पाया पडतात." ती पुढं झुकली. "पन तुमी पोरी! तुमी तं देवापुढंबी अंग चोरान, सासऱ्यासारख्या बाबारावापुढंबी चोरान. तुमचं तीन बोटं आखूड आलं. मले काय सपन पडलं होतं का व माय?"

दसरा डोळ्यांसमोर आला. डाव्या बाजूला समिती, उजवीकडं निम्मं गाव, समोर शेंदूर लावलेली मूर्ती. मी ओढणी दातांत धरलेली, मान खाली.

"मग मला अठ्ठावीसचे बाण करून दे."

"न्हाई." ती एकदम गंभीर झाली. "बोटभराचं कोनाले दिसत नाई. तीन बोटाचं आंधळ्याले दिसते. सर इचारतीन, कोनी सांगतलं? मंग मागचंबी निंगन. गुरुजीच्या मापात बुरडीन हात घालते म्हनून बाबाराव मायं काम बंद करन. पोट हाय मले." मग हळू आवाजात म्हणाली, "सरांची चिठ्ठी आन. आज रात्रीच बसतो मी कामाले. पन मायं नाव तुया तोंडून निंघालं नाई पायजे."

"नाही निघणार," मी म्हणाले. "मारुतीची शपथ."

"त्याची कायले घेतं? त्याच्याचपाई तं झालं हे!"

मंगळवारी सकाळी सात वाजता मी मैदानावर होते. बाकीच्या सहा जणी दोऱ्या चढवत होत्या. मी सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, माझं माप पुन्हा घ्या."

"दसऱ्याला घेतलंय."

"ते चुकलंय."

सहा दोऱ्यांचा आवाज थांबला. सरांनी वही मिटली. रागावले की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे.

"कोण म्हणतं?"

गयाबाईचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं. "हा म्हणतो," असं म्हणून पट्टी बांधलेला हात पुढं केला.

"कुमुद, वीस वर्षं मी या मूर्तीसमोर मापं घेतोय. माझ्या आधी गुरुजींनी घेतली. या मापाच्या बाणांवर इथली मुलं नागपूरपर्यंत जिंकून आली. त्यांना पुरलं. तुलाच पुरत नाही?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि तेच तेवढं देता येत नव्हतं. असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. पुढं बोलायचं तर माझं स्वतःचं काहीतरी बोलायला हवं होतं.

"सर, दसऱ्याला मी कशी उभी होते, आठवतं?"

"व्यवस्थित उभी होतीस. मर्यादेनं."

"तेच सांगते. खांदे आखडून, मान खाली घालून. सगळं गाव बघत होतं. मी दोरी ओढलीच नाही, सर. मी नमस्कार केला."

मागून सहा जणींतली लीला फिसकन हसली. सरांनी तिच्याकडं पाहिलं आणि ती दोरीत गुंतली.

"मग देवासमोर कसं उभं राहायचं? छाती काढून?"

"आपले मारुतीराय कसे उभे आहेत, सर?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मीच घाबरले. सरांची मान मूर्तीकडं वळली. आमचा मारुती दगडात कोरलेला. एक पाय पुढं, गदा खांद्यावर, छाती अशी पुढं काढलेली की पुजारी शेंदूर तिथूनच लावायला सुरुवात करी. मागच्या भिंतीवर कुणीतरी दिलेली तसबीर होती, दोन्ही हातांनी छाती उघडून आतला राम दाखवणारी.

"यांनी तर देवासमोर छाती फाडून दाखवली," मी म्हणाले. "मी नुसती सरळ करते म्हणते, सर."

सर किती वेळ मूर्तीकडं बघत राहिले कोण जाणे.

"काडी आण," ते म्हणाले.

मी मारुतीसमोर उभी राहिले. ओढणी काढून लीलाकडं दिली. डावा पाय पुढं रोवला आणि मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. तोवर मी फक्त त्याचे पायच पाहत आले होते. दोरी जबड्याखाली येऊन बसली.

सरांनी खूण केली. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. मग पट्टी लावली आणि पायरीवर बसले.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तीन इंच. टोक हातात गेलं पोरीच्या, आणि मी तिला प्रदक्षिणा घालायला सांगितल्या."

"प्रदक्षिणा वाया नाही जात, सर."

"गप्प बस," ते म्हणाले, पण आवाज वर आला होता. त्यांनी वही उघडली. पंचवीस खोडलं नाही. त्याच्याखाली अठ्ठावीस लिहिलं आणि समोर आपली सही केली.

चिठ्ठी घेऊन मी बुरूडवाड्यात पळतच गेले. गयाबाईला वाचता येत नव्हतं, आकडा मात्र कळायचा. तिनं कागद उजेडात धरला.

"हं. बोटभर वर ठेवू का?"

"नको मावशी, हे खरं आहे!"

"इचारून ठेवलेलं बरं," ती म्हणाली आणि गालात हसली.

वाळून तयार असलेल्या काड्या तिच्याकडं सहाच होत्या. गुरुवारी संध्याकाळी सहा बाण माझ्या हातात आले. शुक्रवारी सकाळी पहिला सोडला तो पेंढीच्या हातभर वरून गेला. दुसरा तसाच. दोरी पूर्ण ओढल्यावर ताकद सगळी बाणात जात होती आणि माझ्या डोळ्याला सवय जुन्याच नेमाची होती. सर म्हणाले, "आता नेम खाली धर. किती खाली, ते मी नाही सांगू शकत. तुझं तुलाच शोधावं लागेल." शुक्रवार, शनिवार मी तेच शोधलं. दर सहा बाणांनंतर बांधापर्यंत चालत जायचं, उपटायचे, परत यायचं. शनिवारी दुपारी जखम उकलली. मी नवी पट्टी बांधली आणि आणखी दहा फेऱ्या केल्या.

रविवारी जिल्ह्याच्या मैदानावर एकोणीस मुली होत्या. तीस मीटर, सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत सहा बाण. पहिल्या चौघी संघात. सर कडेच्या दोरखंडाबाहेर उभे होते, शेजारी बाबाराव. बाबाराव कशाला आले होते ते सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्या फेरीचे सहाही बाण खाली गेले. दोन तर पेंढीच्या पायाशी मातीत. साठापैकी एकवीस.

"काठी लांब केली आन् गुण आखूड झाले," बाबाराव म्हणाले. मला ऐकू यावं एवढ्याच मोठ्यानं.

बाण उपटायला चालत गेले तेव्हा कारण लक्षात आलं. मी पुन्हा हनुवटीच्या पुढंच थांबले होते. बाण अठ्ठावीसचा होता आणि मी पंचवीसचीच राहिले होते. अनोळखी गाव, पंच, पांढऱ्या टोप्या, आणि मी अंग चोरलं होतं. वर्षभर भीतीनं जे शिकवलं होतं ते हात विसरायला तयार नव्हता.

दुसऱ्या फेरीला रेघेवर उभी राहिले. डोळे मिटले. कीर्तनात गजर सुरू होतो तेव्हा काय होतं, ते आठवलं. शंभर माणसं बसलेली असली तरी त्या क्षणी लाज म्हणून काही उरत नाही. पोट, छाती, गळा सगळं उघडतं आणि नाव बाहेर पडतं. मी मनातल्या मनात नानांच्या मागं उभी राहिले, श्वास भरला, मनातच 'विठ्ठल' म्हटलं आणि ओढलं. दोरी जबड्याखाली बसली. सोडली.

बाण नऊच्या कड्यात लागला.

पुढचं एकेक फेरीचं सांगत नाही. एवढंच सांगते की दर बाणाला मला नव्यानं उभं राहावं लागलं. कुठलाच आपोआप गेला नाही. चौथ्या फेरीनंतर मी आठवी होते, पाचवीनंतर सहावी. शेवटच्या फेरीत डाव्या हाताची पट्टी भिजून मूठ निसरडी झाली. पंच म्हणाले, "थांबायचं असेल तर थांब." मी मूठ ओढणीला पुसली आणि ओढणी कमरेला गाठ मारून बांधली.

शेवटचे सहा बाण मी मोजले नाहीत. बोर्डावर नावं लागली तेव्हाही मला वाचायचा धीर झाला नाही. पंचांनीच मोठ्यानं वाचली. पहिली तीन कुणाची होती आता आठवत नाही. चौथं वाचलं, "कुमुद नारायण ढोमणे, पळसखेड." पाचव्या मुलीत नि माझ्यात एका गुणाचा फरक होता.

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. बाबाराव घसा खाकरून म्हणाले, "पैलवानांना काय सांगू आता?"

"सांगा, संध्याकाळी या," सर म्हणाले.

सोमवारी सकाळी सर सातही जणींना घेऊन मारुतीसमोर गेले. बाकीच्या सहांची मापं घ्यायची होती. पण बेबीनं धनुष्य हातात घेतलं आणि तिचे खांदे आपोआप आत गेले. लीलाचंही तेच. "सरळ उभ्या राहा" म्हटलं की त्या आणखीच आखडत. सरांनी तीन-चारदा काडी खाली ठेवली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी हात वर केला आणि मैदान दणाणेल असा आवाज दिला, "बोला, बजरंगबली की..."

"जय!" सगळ्या ओरडल्या, आणि त्या जयमध्ये बेबीची छाती उघडली. "तश्शीच थांब!" सरांनी झटकन खूण केली. मग प्रत्येकीला एक जयजयकार. पुजारी धावत आला, त्याला वाटलं आरती चुकली. सहाही मापं दोन ते तीन इंच वाढली.

वही मिटायच्या आधी सर जरा घुटमळले. मग काडी माझ्या हातात दिली.

"माझं घे."

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. सरांना धनुष्य ओढताना आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. ते शिकवायचे, हात धरून दाखवायचे, पण स्वतः कधी रेघेवर उभे राहत नसत. ते मारुतीसमोर उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि दोरी ओढली. मी खूण केली. पट्टी लावली. पुन्हा लावली.

"किती?"

"एकोणतीस, सर."

"मोकळा धरून?"

"हो."

"गुरुजींनी माझं सत्तावीस लिहिलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा बाण ते स्वतःच कापायचे, लिहिलेलं तेवढंच. दोन वर्षं धडपडलो. बाण कुठंही जायचे. चोविसाव्या वर्षी धनुष्य खाली ठेवलं. म्हटलं, आपलं चित्तच शुद्ध नाही, आपण दुसऱ्यांना शिकवावं."

बेबी डोळे पुसत होती.

"चिठ्ठी लिहून देतो," सर म्हणाले. "गयाबाईला सांग, सहा बाण कर. घाई नाही."

गयाबाईच्या बोटभराबद्दल मी सरांना कधीच सांगितलं नाही. आज दोघंही नाहीत, म्हणून लिहिते आहे. तिनं मात्र त्या सहा बाणांची घाई केली. बाकी सगळ्यांची कामं मागं ठेवून चार दिवसांत केले आणि त्यांना मोराची पिसं लावली, जी ती कधी कुणाला लावत नसे.

शुक्रवारी सकाळी मुलींच्या वर्गात आम्ही सात जणी रेघेवर उभ्या होतो. आठव्या जागेवर, लीलाच्या डावीकडं, सर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुमुद, माझा पाय बरोबर आहे का बघ."